माशांची धर्मशाळा

दान करणाऱ्याच्या मनात स्वार्थ असला, तर पुण्य किती टक्के धरावं? असले प्रश्न पूर्वी ऋषींना अरण्यात पडत. मला तो माजरीला पडला. माजरी म्हणजे कोळशाच्या खाणी. सकाळी घातलेला सदरा मूळचा कोणत्या रंगाचा होता, यावर इथे संध्याकाळी घराघरांत मतभेद होतात. अशा ठिकाणी तत्त्वज्ञान सुचायला कारणही तसंच लागतं.

ते कारण म्हणजे आमचे शेजारी. हे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झाले आणि गळ घेऊन तलावावर बसू लागले. एका रविवारी पाहतो तर बाभळीच्या फांद्यांना दगड बांधून पाण्यात सोडताहेत.

"माशांची धर्मशाळा बांधून राहिलो जी!"

बुडालेल्या फांदीवर शेवाळ धरतं, शेवाळावर किडे येतात, किड्यांसाठी बारके मासे येतात आणि काट्याकुट्यांत सुखरूप राहतात. मग त्या बारक्यांच्या आशेने मरळ मासा कडेला दबा धरून बसतो.

"आणि मरळाच्या मागे?"

"मी!"

अमेरिकेत म्हणे नाताळ आटोपला की वापरलेली नाताळची झाडं वजन बांधून तळ्यांत बुडवतात, बास नावाच्या माशासाठी. त्याला तिथल्या सरकारी खात्यांचाही हातभार असतो. असेल, पण पाहुण्याला पाट मांडायचा आणि पानात त्यालाच वाढायचं, हे काही मला पटेना.

काठावर जाळं सांडत एक म्हातारा ढिवर बसला होता. त्याला विचारलं, "मामा, हे पाप नाही का?"

"पाप कायचं जी? यानं फांदी तं टाकली. जो काहीच न टाकता जाळं घेऊन येते, त्याले काय म्हनसान?"

मी गप्प झालो. आमच्या जिल्ह्यातले जुने तलाव तरी कशासाठी झाले? मालगुजारांनी धान पिकावं, सारा वसूल व्हावा म्हणून बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. तलाव 'माजी मालगुजारी', म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' होऊन राहिले, आणि अजून त्यांच्यावर धान पिकतं. मुलाला पोटाला चिमटा घेऊन शिकवताना आम्हीही म्हातारपणाचीच फांदी बुडवली होती. तो तिच्याखाली वाढला आणि पुण्याच्या मोठ्या पाण्यात गेला. फांदी फुकट गेली असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. म्हणजे निदान मोठ्याने नाही.

शेजाऱ्यांचं एक मात्र मला कळत नाही. पावसाळ्यात मरळाची तांबूस पिल्लं झुंडीने वर येतात आणि खाली आईबाप पहारा करतात. तेव्हा समोर काहीही आलं तरी ते चवताळून तोंड घालतात, म्हणजे गळवाल्याची चैनच. पण अशी झुंड दिसली की हे गृहस्थ गळ पिशवीतून काढतसुद्धा नाहीत. कारण विचारलं तर पाण्याकडे न बघता म्हणतात,

"आज काही लागत नाही जी."