हक्क की दान?

आर्वीच्या परिसरात कापसाची वेचणी आटोपली की शेतमजुरांचे हात रिकामे होतात. त्या हातांना काम देणे ही सरकारची कृपा की मजुराचा हक्क, हा वाद जुना आहे. घटनाकारांनी कामाचा हक्क कलम ४१ मध्ये, म्हणजे न्यायालयात दाद मागता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत ठेवला. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला; २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या हमीसाठी पगारदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसला. ‘आमच्या पैशांनी खड्डे खणतात आणि बुजवतात,’ ही कुरकुर आम्ही पुष्कळदा ऐकली आहे. खड्डा निरुपयोगी असेल, तर दोष आखणाऱ्याचा, खणणाऱ्याचा नव्हे.

आम्हांस खटकते ते निराळेच. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता देण्याची तरतूद त्या कायद्यात होती; पण भत्त्याची किमान मर्यादा दिवसाला १ रुपया! हक्क नाकारणे इतके स्वस्त असेल, तर तो देण्याची निकड कोणास वाटणार? २००५ च्या केंद्रीय कायद्याने पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान चौथ्या हिश्शाइतका आणि पुढे निम्म्याइतका भत्ता ठरविला. मात्र महाराष्ट्राच्या हमीत नसलेली वर्षाला १०० दिवसांची मर्यादाही त्याने घातली, तीही कुटुंबामागे. चार कर्त्या माणसांच्या घरात एकेकाच्या वाट्यास आले २५ दिवस.