दीडशेव्या पानावरचं तिकीट

भाचीनं विचारलं, "मामा, इराक युद्धावर काय वाचू?" पाच मिनिटांत मी पाच नावं पाठवली. थॉमस रिक्स यांचं 'फियास्को', राजीव चंद्रशेखरन यांचं 'इम्पीरियल लाइफ इन द एमराल्ड सिटी', जॉर्ज पॅकर यांचं 'द असॅसिन्स गेट', अँथनी शदीद यांचं 'नाइट ड्रॉज निअर' आणि अली अल्लावी यांचं 'द ऑक्युपेशन ऑफ इराक'. शेवटच्या नावापुढे लिहिलं, 'हे नीट, सावकाश वाच.'

दिवाळीत ती घरी आली आणि कपाटातून अल्लावींचं पुस्तक काढलं. दीडशेव्या पानाच्या आसपास एसटीचं जुनं तिकीट होतं. तिथवर पेन्सिलच्या रेघा, पुढची पानं करकरीत. तिनं तिकीट होतं तिथेच ठेवलं. काही बोलली नाही. मीही बोललो नाही, आणि तेच मला रात्रभर टोचत राहिलं.

न वाचलेलं पुस्तक वाचल्यासारखं सांगणं हा खोटेपणा. तो मान्य करायला फार वेळ लागला नाही. पण मग दुसरी गोष्ट लक्षात आली. अल्लावी हे त्या यादीतले एकमेव इराकी. परागंदा आयुष्यातून परतून मंत्री झालेले. नेमके तेच मी अर्ध्यावर सोडले होते.

बाकीची पुस्तकं मी अधाशासारखी वाचली होती. मे २००३ मध्ये अमेरिकेनं नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीला सरकारी नोकऱ्यांतून काढलं आणि आठवड्याभरात इराकी सैन्यच बरखास्त केलं. लाखो माणसं पगाराविना घरी बसली. बगदादचा शेअर बाजार पुन्हा उघडण्याचं काम चोवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणावर सोपवलं. वाचताना संताप यायचा, आणि खरं सांगायचं तर त्या संतापात मला बरं वाटायचं. आपण योग्य बाजूला आहोत, याची ती खात्री होती.

ही पुस्तकं कसून लिहिलेली आहेत, त्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांतून मी एकच प्रश्न उचलला: बेत का फसला? फसला नसता तर? सैन्य टिकलं असतं, वीज वेळेवर आली असती, तर दुसऱ्याचा देश ताब्यात घेणं रास्त ठरलं असतं का? हे मी भाचीपुढे मांडलं नाही, कारण स्वतःलाच कधी विचारलं नव्हतं. शदीद अरबी जाणणारे. बगदादच्या घराघरांत बसून त्यांनी माणसं ऐकली. त्यांना मी चौथ्या जागी ठेवलं होतं.

आणि 'बगदाद बर्निंग' यादीत नव्हतंच. रिव्हरबेंड या टोपणनावानं एका इराकी तरुणीनं ऑगस्ट २००३ पासून लिहिलेल्या नोंदींचं हे पुस्तक. ती संगणकाचं काम करणारी; युद्धानंतर बाईमाणसानं एकटीनं बाहेर पडणं धोक्याचं झालं आणि नोकरी गेली. मी ते वाचलं होतं, पूर्ण. तरी वगळलं. नाव नसलेल्या मुलीची रोजनिशी, तळटिपा नाहीत, वजनदार वाटणार नाही, असं तेव्हा मनात आलं होतं.

वरसईचे गोडसे भटजी तरी कुठे इतिहासकार होते? दक्षिणेसाठी उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' मी कितीजणांना हक्कानं दिलाय. अठराशे सत्तावन्नच्या उठावाबद्दल कुणी मला फक्त इंग्रज अधिकाऱ्यांची पुस्तकं सुचवली असती, तर मी त्याला सुनावलं असतं. बगदादच्या बाबतीत मीच तसं केलं.

परवा भाचीला पुन्हा लिहिलं. आधी रिव्हरबेंड, मग शदीद, बाकीचे त्यानंतर. अल्लावींबद्दल लिहिलं, 'मी दीडशेच पानं वाचली होती. तुला खोटं सांगितलं. आता वाचतोय.' तिचं उत्तर आलं, "बरं मामा, बरोबरच वाचू."

तिकीट आज दोनशे बाराव्या पानावर आहे.