घोड्याचं रक्त आणि डीमॅटचं खातं

तारापूर एमआयडीसीत उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला औषध किलोत मोजायची सवय असते. रिॲक्टर चार्ज केला, माल सेंट्रिफ्यूजला उतरवला, ड्रायरमधून काढला, क्यूसीला सॅम्पल गेलं. पास की फेल ते शिफ्ट सुटायच्या सुमारास कळतं. फेल गेलेली बॅच पुष्कळदा रीप्रोसेस करता येते. यील्ड दोन टक्क्यांनी घसरलं तर प्लांट मॅनेजरचा आवाज चढतो, एवढंच.

असा माणूस शेअर घेतो तेव्हा कंपनीही याच नजरेनं पारखतो. नवा प्लॉट घेतला का, क्षमता किती टनांची, कच्च्या मालाचा भाव काय? बल्क ड्रगच्या धंद्याला हे गणित चपखल बसतं. रोगप्रतिकारशास्त्रावर उभ्या असलेल्या कंपन्यांना लावलं की फसतं. मी लावून पाहिलंय. कंपनीचं नाव सांगत नाही. नवा कारखाना पाहून शेअर घेतले, आणि ज्या औषधासाठी तो बांधला ते चाचणीतच पडलं. भिंती मात्र उत्तम होत्या.

सन फार्मानं 2014 साली मर्कला 8 कोटी डॉलर आगाऊ मोजून टिल्ड्राकिझुमॅब हे सोरायसिसवरचं औषध घेतलं. शरीराची फौज स्वतःच्याच कातडीवर तुटून पडते तो सोरायसिस. या फौजेला चिथावणारा इंटरल्यूकिन-23 नावाचा एक निरोप्या आहे, त्याला हे प्रतिपिंड वाटेतच धरून ठेवतं. अमेरिकेत परवानगी मिळाली मार्च 2018 मध्ये. सुरुवातीचे डोस झाले की दर 12 आठवड्यांनी 100 मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला अर्धा ग्रॅमही नाही. आपल्याकडच्या पन्नास किलोच्या एका ड्रममध्ये लाखाहून अधिक रुग्णांचं वर्षभराचं औषध मावेल. इथे टन विचारणाऱ्यानं काय करावं?

त्याच कंपनीचं एससीडी-044 हे सोरायसिस आणि ॲटोपिक डर्माटायटिससाठीचं तोंडावाटे घ्यायचं औषध जून 2025 मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत कमी पडलं आणि काम थांबलं. उलट पुढच्याच महिन्यात ग्लेनमार्कच्या उपकंपनीनं रक्ताच्या एका कर्करोगावरचं, रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावणारं प्रतिपिंड ॲबव्हीला दिलं, 70 कोटी डॉलर आगाऊ घेऊन. त्या औषधाची एक कुपीही तोवर बाजारात विकली गेली नव्हती. जे विकलं गेलं ती होती शक्यता, आणि शक्यतेला यील्ड नसतं.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. ‘इम्युनॉलॉजीचे शेअर’ म्हणून जे आपल्या गळ्यात मारले जातात, ते बहुतेक वेळा भलत्याच मालाचे असतात. सनचा शेअर घेणारा सोरायसिसबरोबर शेकडो साध्या गोळ्याही घेतो. ल्युपिनचा घेतलात तर पुण्यात विकसित झालेलं संधिवातावरचं एटानरसेप्ट पदरात पडतं, पण सोबत आमच्या तारापूरचे रिॲक्टरही येतात. आणि ज्या घरांत हे शास्त्र खरोखर नांदतं, त्यांची दारं लहान गुंतवणूकदाराला बंद असतात. पूनावालांच्या तबेल्यातले घोडे परळच्या हाफकिनला सीरमसाठी जायचे. त्यातून 1966 साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. ती आजही बाजारात नोंदलेली नाही.

आयआयटी मुंबईतून निघालेली इम्युनोॲक्टही तशीच. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, कर्करोगाच्या पेशी ओळखण्याचं वळण त्यांना लावायचं आणि परत सोडायच्या. ऑक्टोबर 2023 मध्ये या उपचाराला देशात मंजुरी मिळाली. त्याआधी, 2021 मध्ये, 46 कोटी रुपये मोजून कंपनीतला सुमारे चौथा हिस्सा कोणी घेतला? हैदराबादच्या लॉरस लॅब्जनं. एचआयव्हीच्या औषधांचा बल्क माल टनांनी काढणाऱ्या, म्हणजे थेट आमच्या जातकुळीतल्या कंपनीनं. मला ही बातमी फार आवडली. जन्मभर मोठमोठे रिॲक्टर चालवणाऱ्यांनी अशा ठिकाणी पैसे लावले, जिथे एक बॅच म्हणजे एक रुग्ण. ती फेल गेली तर रीप्रोसेस करायला तो माणूस हाताशी असेलच असं नाही. लॉरसचा शेअर घेऊन तुम्ही इम्युनोॲक्टचे मालक होता खरे, पण वरणातल्या हिंगाइतके.

आमच्या जिल्ह्याला सगळ्यात जवळचं रोगप्रतिकारशास्त्र मात्र याहून जुनं आहे. गावात त्याला ‘सापाची लस’ म्हणतात. ती लस नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष थोडं थोडं टोचून घोड्याच्या रक्तात तयार झालेली ती आयती प्रतिपिंडं. डहाणूत आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, तिथे सर्पदंशावर काम झालंय. कोरड्या पावडरीच्या रूपातली कुपी फ्रीजशिवायही टिकते, त्यामुळे वीज जाणाऱ्या पाड्यांच्या आरोग्य केंद्रांत तीच सोयीची. अंगात विष भिनल्याची लक्षणं दिसली की पहिल्या झटक्यातच दहाएक कुप्या लागतात. आणि या मालाच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण असतं.

अशी प्रतिसर्पविषं बनवणारी, अंबरनाथला कारखाना असलेली भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स 2024 मध्ये मॅनकाइंड फार्मानं सुमारे 13,768 कोटींना घेतली. मॅनकाइंड बाजारात नोंदलेली आहे, म्हणजे घोड्याच्या रक्ताचा एक थेंब आता माझ्या खात्यात येऊ शकतो. सौद्याबद्दल कंपनीनं बाजाराला काय सांगितलं ते मी उत्सुकतेनं वाचलं. भर होता स्त्रीआरोग्यावर आणि वंध्यत्वावरच्या औषधांवर. सापाचा उल्लेख मी शोधत बसलो.

शेअर घेतले, थोडेच. आषाढात विक्रमगडकडे भाताची लावणी सुरू झाली, तसा एकदा सवयीनं मोबाइलवर भाव पाहिला. लावणीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.