व्युत्पत्ती आणि नैतिक उत्तरदायित्व

शब्दाचा उगम त्याच्या आजच्या अर्थाला बांधून ठेवत नाही, हे भाषाविज्ञानाने वारंवार बजावले आहे. ‘एटिमॉलॉजी’ या संज्ञेच्या पोटात ‘खरा’ या अर्थाचा ग्रीक शब्द दडलेला असला, तरी मूळ अर्थ तोच खरा अर्थ ही समजूत तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. सोस्यूरची व्याख्याने १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाल्यानंतर तर, बोलणाऱ्याच्या जाणिवेत शब्दाचा पूर्वेतिहास नसतोच, हे जवळपास गृहीत धरले जाते. हे सारे मान्य केल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो. आणि तो तर्काचा नसून नीतीचा आहे.

इंग्रजीतील ‘व्हिलन’ हा शब्द पाहावा. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘व्हिलानुस’ म्हणजे ‘व्हिला’वर, जमीनदाराच्या शेतवाडीवर, राबणारा माणूस. जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा ते जमिनीशी जखडलेल्या कुळाचे नाव होते. त्या कुळाचा आधी गावंढळ, मग हलकट आणि अखेरीस दुष्ट झाला. ‘बूअर’ आणि ‘चर्ल’ हेही मुळात शेतकरीच. त्यांच्या वाट्याला असभ्यपणा आला. ‘नेव्ह’ हा आधी मुलगा, मग चाकर, मग लबाड. त्याचा जर्मन भाऊबंद ‘क्नाबं’ मात्र आजही नुसता मुलगाच आहे. उलट ‘नोबल’ आणि ‘जेंटल’ हे कुळाची थोरवी सांगणारे शब्द सद्गुणवाचक होऊन बसले. सी. एस. लुईस यांनी १९६० मध्ये या प्रक्रियेला दर्जावाचक शब्दांचे नैतिकीकरण म्हटले. त्यापूर्वीच, १८८७ मध्ये, नीत्शेने जर्मनमधील ‘वाईट’ या अर्थाचा शब्द मुळात ‘साधा, सामान्य’ या अर्थाचा होता, या निरीक्षणावरून अभिजनांच्या मूल्यविधानाची वंशावळ मांडली होती. (आपल्या काव्यशास्त्रानेही ‘ग्राम्य’ हा काव्यदोष मानला, हे येथे विसरू नये.)

परंतु मराठी प्रेक्षक चित्रपटातील ‘व्हिलन’विषयी बोलतो तेव्हा कोणत्याही शेतकऱ्याचा अवमान होत नाही. ज्याच्यावर तो शब्द फेकला गेला ते मध्ययुगीन कूळच उरलेले नाही. येथे भाषावैज्ञानिकाचे म्हणणे निरपवाद वाटते. माझ्या मते ते निरपवाद वाटते याचे कारण सिद्धांताच्या बळात नाही. ऐकणारा नाहीसा झाला, एवढेच ते कारण आहे.

ऐकणारा हयात असेल तर काय होते, हे दुसऱ्या एका रूढ इंग्रजी शब्दावरून दिसते. ‘पराया’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात तमिळमधील ‘परैयर’ या जातिनामावरून आला; ‘परै’ या चर्मवाद्याशी त्याचा संबंध सामान्यतः जोडला जातो. युरोपात त्याचा अर्थ ‘बहिष्कृत’ असा व्यापक झाला. मॅक्स वेबरने ज्यू समाजाचे वर्णन करण्यासाठी तो योजला. हाना आरेंटने १९४४ च्या निबंधात त्याला विद्रोहाची प्रतिष्ठा दिली. तिची सहानुभूती निःसंशय आहे. तथापि त्या सहानुभूतीच्या व्यवहारात परैयर हा केवळ उपमान ठरतो. युरोपातील एका पीडित समाजाला आपली व्यथा सांगण्यासाठी दुसऱ्या पीडित समाजाचे नाव हाती लागते, आणि ते नाव कोणाचे याची विचारणा होत नाही. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही व्याकरणाला निरुपद्रवी घटना वाटते. ज्याचे नाव गेले त्याला ती तशी वाटेलच असे नाही.

वापरणाऱ्याच्या मनात तसा हेतू नव्हता, हा बचाव खरा असतो, पण अपुरा असतो. अर्थ हा वापरात असतो असे म्हणताना त्या वापरात बोलणाऱ्याइतकाच ऐकणाराही सामील असतो, हे एककालिक भाषाविचाराच्याही कक्षेत बसायला हवे. परैयर समाजातील वाचक इंग्रजी जाणतो, इंग्रजीत लिहितो. त्याच्यासाठी या शब्दाची व्युत्पत्ती कोशातील नोंद नाही, ते त्याचे आडरानात सापडलेले स्वतःचे नाव आहे.

तमिळनाडूत दलित कलावंतांनी गेल्या काही दशकांत परै हे वाद्य स्वाभिमानाची कला म्हणून पुन्हा हाती घेतले आहे. इंग्रजी वृत्तपत्रे मात्र एखाद्या राष्ट्राला वाळीत टाकल्याचे सांगताना अजूनही ‘पराया’ हाच शब्द वापरतात.