काडी आणि सुई

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. चोरीचा आळ येऊन राजाने त्यांना सुळावर चढवले. सुळाचे टोक, म्हणजे अणी, अंगातच राहिले आणि ते अणीमांडव्य झाले. कुठल्या पापाची ही शिक्षा, असा जाब त्यांनी यमधर्माला विचारला. लहानपणी किड्यांच्या अंगात काडी खुपसलीस त्याची, असे उत्तर आले. ऋषी संतापले. धर्माला त्यांनी शाप दिला (तोच पुढे विदुर होऊन जन्मला) आणि मर्यादाही घालून दिली: चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला पाप लागणार नाही.

मग दवाखान्यात एखाद्या पोराने वापरलेल्या सुयांच्या डब्यात हात घातला, तर दोष कुणाचा?

तिथे कुणाच्याच मनात वाईट नसते. पण उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडलेली आहे. जैन साधूंना सांगितलेल्या पाच समितींपैकी, म्हणजे सावधपणाच्या नियमांपैकी, एक आहे वस्तू जपून उचलण्या-ठेवण्याची, तर दुसरी जपून टाकण्याची. टाकले म्हणजे आपण सुटलो, ही मुभा तिथे नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो, हे ठाऊक झाल्यावर तर ही शिस्त केवळ मठापुरती राहत नाही.

भारतातले २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सुयांसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, सुई आरपार जाणार नाही असा डबा सांगतात. खरी अडचण तो कुठे ठेवायचा ही आहे. सिस्टरच्या हाताशी नसेल, तर उघडी सुई घेऊन तिला खोलीभर चालावे लागते. हाताशी असेल, तर तो मुलाच्याही हाताशी येतो. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने १९९८ मध्ये उभ्याने काम करणाऱ्यांसाठी ५२ ते ५६ इंचांची उंची सुचवली. जमिनीवर उभ्या असलेल्या चार वर्षांच्या मुलाचा हात तिथवर पोचत नाही. पण लस घ्यायला आलेले मूल जमिनीवर असते कुठे? ते आईच्या कडेवर असते, नाहीतर डब्याखालच्याच खुर्चीवर चढलेले असते.

म्हणून हा भार एकट्या सिस्टरवर टाकणे अन्यायाचे आहे. दाराबाहेर रांग असते, समोर पोर रडत असते आणि भिंतीला डब्याचा खिळा तिने ठोकलेला नसतो. तो ठोकणाऱ्याने आधी आईच्या खुर्चीत बसून, मांडीवरच्या मुलाचा हात कुठवर जातो ते पाहायला हवे. शिवाय डबा पाऊण भरला की बदलायचा असतो. काठोकाठ भरलेल्या डब्यात मुलाला हात घालावाच लागत नाही, सुया तोंडाशीच आलेल्या असतात.