मुतखड्याचा करारनामा

बँकेतल्या माणसाला 31 मार्चच्या रात्री काहीही होऊ शकतं, पण मला जे झालं ते हिशेबात कुठेच बसणारं नव्हतं. गेल्या वर्षीची गोष्ट. दिवसभरात अकरा कप चहा आणि पाण्याचे जेमतेम दोन घोट, एवढ्या भांडवलावर आम्ही वर्षअखेर उरकली. रात्री साडेदहाला घरी आलो, पिठलं-भात खाऊन आडवा झालो आणि अडीचच्या सुमारास कुणीतरी डाव्या कुशीत पेचकस घालून सावकाश फिरवतंय, असं वाटून जागा झालो.

आधी वाटलं, पिठलं बाधलं. पण पिठल्याची कळ इतकी महत्त्वाकांक्षी नसते. ही पाठीतून निघाली, कुशीला वळसा घालून थेट जांघेत उतरली. उताणा झोपलो, पालथा झालो, भिंतीला टेकून उभा राहिलो, शेवटी मोरीच्या उंबऱ्यावर बसून देवघराकडे बघू लागलो. पोटदुखीत माणूस मुरगळून पडतो. मुतखड्यात तो जागा शोधत हिंडतो. चाळीतल्या माणसाने चाळभर फ्लॅट शोधावा तसा! ती जागा जगात नसतेच, हे मागाहून कळतं.

शेजारच्या काकांनी रिक्षा आणली. डोंबिवलीचे रस्ते कसे आहेत, हे मी करदाता म्हणून जाणून होतोच. त्या रात्री रुग्ण म्हणून पुन्हा शिकलो. रुग्णालयात (नाव सांगत नाही, त्यांचा दोष नाही, माझीच अब्रू जायची) काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "जरा थांबा, सर्व्हर डाऊन आहे." हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं लोकांना ऐकवत आलोय. पलीकडून ते असं ऐकू येतं, याची मला कल्पना नव्हती.

तर त्या काउंटरसमोरच्या लोखंडी बाकावर, पहाटे साडेतीनच्या सुमाराला, मी एक वचन देऊन बसलो. आणि हा लेख खड्याबद्दल नसून त्या वचनाबद्दल आहे.

वचन दिलं वाईच्या ढोल्या गणपतीला. आमचं मूळ गाव वाई. कृष्णेच्या घाटावर ते देऊळ. त्याची मागची बाजू माशाच्या आकाराची, नदीचा पूर कापला जावा म्हणून. त्या दगडी माशाच्या शेपटाजवळ दादाने मला पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे ढकललं. त्या दादाशी मी 2018 पासून बोललो नव्हतो. वडील गेल्यावर घर दोघांच्या नावावर झालं. राहायला तो. छप्पर बदलायला त्याला कर्ज हवं होतं आणि घर एकाच्या नावावर असल्याशिवाय ते सोयीने मिळेना, म्हणून त्याने मला हक्कसोडपत्रावर सही मागितली. मी बँकेतला माणूस. मी जागेचा भाव काढला, निम्मा केला आणि आकडा सांगितला. दादा नुसतं म्हणाला, "तू भाऊ आहेस की व्हॅल्युअर?" मग मी काहीतरी बोललो, तो काहीतरी बोलला, आणि संपलं. यात माझी बाजू नव्हती असं समजू नका. मुलगी इंजिनिअरिंगला जायची होती. कारकुनाच्या पगारात भावावरचं प्रेम आणि मुलीची फी ही दोन्ही खाती एकदम चालवता येत नाहीत.

आणि त्या बाकावर मी, चांगला वाणिज्य पदवीधर, मोठ्याने ओरडलो, "गणपतीराया, एवढी कळ थांबव, मी दादाच्या कागदावर सही करतो!" ऐकायला हिच्यासकट शेजारचे काका होते. म्हणजे साक्षीदारही दोन, कायद्याला हवे तेवढे.

सव्वाचारला इंजेक्शन मिळालं. साडेचारला कळ ओसरली. आणि चार पस्तीसला, तुमच्याशी कशाला खोटं बोलू, मी फेरविचार सुरू केला.

सकाळी डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद दाखवला. खडा पाच मिलिमीटरचा. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची नळी पाऊण ते एक फूट लांब, आणि आतून तीन-चार मिलिमीटर रुंद. तीनच्या बोळातून पाचचा ट्रक निघाला होता. "बहुतेक आपोआप पडेल. पाणी प्या, गाळून बघत जा," डॉक्टर म्हणाले. गाळण्यासाठी हिने घरून चहाचं गाळणं आणलं आणि ते परत घरी येणार नाही, असं तिथल्या तिथे जाहीर केलं.

सलाईन लावून पडलेल्या माणसाला विचार करण्याखेरीज धंदा नसतो. बी.कॉम.ला आम्हाला 1872 चा करार कायदा होता. कलम बारा सांगतं की करार करायला माणूस शुद्धीवर हवा; तापाने बरळणारा माणूस, तो ताप असेपर्यंत, करार करू शकत नाही. कलम पंधरात बळजबरी, सोळात गैरवाजवी दडपण. मी मनातल्या मनात स्वतःचा वकील झालो. माझी संमती मुक्त होती का? नव्हती. धाकाने काढलेला कबुलीजबाब न्यायालय मानत नाही. मग पाच मिलिमीटरच्या दगडाने काढलेला का मानावा? शिवाय त्याच दमात मी वॉर्डबॉयला माझं घड्याळही देऊ केलं होतं. ते कुठे दिलं? कळ थांबवायला माणूस शेजाऱ्याची स्कूटरसुद्धा दान करील.

हा युक्तिवाद मी हिला ऐकवला. ही मोसंबी सोलत होती.

"तुमच्या बँकेत लोक कर्ज कधी घेतात?" तिने विचारलं.

"गरज लागली की."

"म्हणजे कळ लागली की. मग गरज संपल्यावर ते म्हणाले, तेव्हा आम्ही अडचणीत होतो, ती सही काही खरी नव्हे, तर?"

"त्यांना पैसे मिळालेले असतात!"

"आणि तुमची कळ?"

"ती इंजेक्शनने थांबली. बिलात लावलंय वेगळं."

ती काही बोलली नाही. मोसंबीच्या फोडी पुढे केल्या. वादात हरलेला माणूस बोलतो. जिंकलेला मोसंबी देतो.

पण तिचं मोसंबी आंबट लागलं. कारण एक गोष्ट माझ्या वकिलाला समजावता येईना. गणपतीने काही मागितलं नव्हतं. एकवीस नारळ चालले असते, तंबाखू सोडतो म्हणालो असतो तरी देवाने कुरकुर केली नसती. तेव्हा तोंडात नेमका दादाचा कागद का आला? कळीने मला खोटं बोलायला लावलं, की सहा-सात वर्षं अडकून बसलेलं काहीतरी त्या रेट्याने हललं? बाकावर ओरडणारा मी खरा, की भाव काढून निम्मा करणारा मी खरा? दुसरा शुद्धीवर होता, हे मान्य. पण शुद्धीवर असलेला माणूस जास्त खरा असतो, हे गृहीतक बँकेत काम करणाऱ्याने तरी धरू नये. शुद्धीवर असलेल्या माणसांच्या किती सह्या मी पडताळल्यात!

या दुखण्यात माझ्या आधी बडी मंडळी होऊन गेली. सुखालाच श्रेय मानणारा तो ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हातारपणी मुतखड्यानेच गेला. शेवटच्या दिवशी त्याने मित्राला लिहिलं म्हणतात, की वेदनांनी कमाल केली आहे, पण आपल्या जुन्या गप्पांच्या आठवणीने मन आनंदात आहे. मी तसा प्रयत्न केला. जुन्या गप्पा आठवल्या. सगळ्या दादाबरोबरच्याच निघाल्या. दुसरा इंग्लंडातला सॅम्युएल पेपिस, रोजनिशीवाला. आरमाराच्या कचेरीतला, म्हणजे आपल्याच जातीचा. 26 मार्च 1658 रोजी, भूल देण्याची विद्या निघण्याच्या दोनेकशे वर्षं आधी, त्याचा खडा कापून काढला. पुढे तो दरवर्षी त्या तारखेला मेजवानी ठरवी आणि खडा डबीत घालून जपे. वेदना गेल्यावरही ती आठवणारा माणूस! मला तर वीस मिनिटं पुरली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा आला.

वाईहून एस.टी.ने पुणे, तिथून गाडीने इकडे. हातात थर्मास, त्यात कुळथाचं कढण. हिने फोन केला होता, हे मी ओळखलं. वचनाचं सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. दादाचे केस पार पिकले होते. त्याने स्टूल ओढलं, बसला आणि इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलला.

"डावा की उजवा?"

"डावा."

"बाबांनाही डावाच होता," तो म्हणाला आणि कढण ओतलं.

बस्स. घराचा विषय नाही, छपराचा नाही. ही माझ्याकडे बघत होती. मी कढणाकडे बघत होतो. बोलायला याहून चांगली वेळ नव्हती, आणि मी बोललो नाही. शुद्धीवर होतो ना!

त्या रात्री दादाने हिला घरी पाठवलं आणि स्वतः राहिला. एकच्या सुमारास कळ परत आली, पहिलीची थोरली बहीण. सिस्टर इंजेक्शन आणायला गेल्या. दादा माझी पाठ चोळत होता, "बाळ्या, श्वास घे, श्वास घे," म्हणत होता. घाटावर पाण्यात ढकलल्यानंतरही हेच म्हणायचा. ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. आणि मी दात मिटून घेतले. भीतीने नव्हे, म्हणजे या खेपेला भीतीने नव्हे. आता बोललो तर तोही खड्याचाच शब्द ठरेल, आणि उद्या माझा वकील तोही रद्द करून घेईल. दादाला मिळायचाच असेल तर माझा शब्द मिळावा, मूत्रपिंडाचा नव्हे. आयुष्यात मी एवढं दुःख मुकाट्याने कधी सोसलं नव्हतं. दादाला वाटलं, मी मोठा सोशिक झालो.

पहाटे गाळण्यात खडा वाजला. तांदळाच्या कणीएवढा, तपकिरी. एवढ्याशा ऐवजाने एवढा व्यवहार घडवला, याचा मला अपमानच वाटला. दादा सकाळच्या गाडीने गेला.

एप्रिलभर मी रोज तीन लिटर पाणी प्यालो आणि रोज एक कारण शोधलं. मग रद्दीत द्यायच्या पुस्तकांत जुनं करार कायद्याचं पुस्तक हाती लागलं. सुटका शोधायला उघडलं, आणि कलम पंचवीस निघालं. मोबदल्याशिवायचा करार रद्दबातल. पण जवळच्या नात्यात, नैसर्गिक प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणीकृत केलेला असेल तर वैध. खाली निकाल दिलेला, 1899 चा, मुंबई हायकोर्टाचा: भिवा विरुद्ध शिवराम. दोघे भाऊ. एकाने दावा लावला, हरला. जिंकलेल्या भावाने मग आपण होऊन अर्धी मिळकत त्याला लिहून दिली, भांडण मिटावं म्हणून. कोर्ट म्हणालं, हेच ते नैसर्गिक प्रेम. परीक्षेत हा निकाल मी पाच मार्कांसाठी लिहिला होता. मिळाले तीन.

मेमध्ये वाईला गेलो. एकटाच. पाठ ठीक, पोट ठीक, ताप नाही, चहासुद्धा घेतलेला नाही. हिच्याशी मुलीच्या फीचं बोलून झालं होतं. कर्ज काढायचं ठरलं, तेही आमच्याच बँकेत, म्हणजे कळ येणार ती घरचीच. दादा ओसरीवर शेंगा निवडत होता. मी वहाणा काढल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणालो, "दादा, त्या कागदावर मी सही करतो."

दादाने मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं. मग काळजीच्या सुरात विचारलं, "परत दुखतंय का कुठे?"

"नाही."

त्याने तांब्या पुढे सरकवला. "आधी पाणी पी. मग परत सांग."

मी अख्खा तांब्या प्यालो.