आधी आखाडा, मग पदक

महागावसारख्या तालुक्याच्या गावातील लहानशा महाविद्यालयाकडे खेळांसाठी पैसा तो किती असणार? अशा ठिकाणी मुलांच्या कुस्तीबरोबर मुलींचीही कुस्ती सुरू करावी असे कोणी सुचविले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते : “कुस्ती खेळणाऱ्या मुली आहेत कुठे? आधी दोघी-चौघींनी नाव काढावे, मग पाहू.” हे उत्तर व्यवहाराला धरून आहे, पण ते न्यायाला धरून आहे काय?

या प्रश्नाचा विचार करताना कोल्हापूरचे राजाराम कॉलेज आठवते. त्याचे माजी विद्यार्थी, कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायचे होते. जवळ पैसा नव्हता. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लोकांना पदक आठवते. परंतु नीतीच्या दृष्टीने अधिक मोलाचा तो घर गहाण टाकण्याचा दिवस होय. त्या दिवशी हाती होता केवळ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील सहावा क्रमांक, आणि एका शिक्षकाचा विश्वास.

मुलींच्या बाबतीत हा क्रम आपण उलटा केला. त्याच दशकात हमीदा बानू ही मल्ल पुरुषांशी कुस्त्या लढत होती. पुण्यात ठरलेली तिची एक कुस्ती विरोधामुळे रद्द झाली. पुरुषांची ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ साली सुरू झाली. महिलांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ सांगलीत झाली ती २०२३ साली. मध्ये बासष्ट वर्षे गेली! २०१६ साली साक्षी मलिकने रिओ येथे कांस्यपदक जिंकले, तेव्हा टाळ्या वाजविण्यात मात्र आपण मागे राहिलो नाही.

येथे कुस्तीचा एक धर्म ध्यानात घ्यावा लागतो. धावण्याचा सराव एकट्याने करता येतो; कुस्तीला तोलामोलाची जोड लागते. एकटी मुलगी जोर-बैठका काढील, पण डाव कोणावर घालील? म्हणून “मुली येतील तेव्हा पाहू” असे म्हणणे म्हणजे त्या येऊच नयेत अशी तजवीज करणे होय. मुलींना एकत्र आणण्याचे काम संस्थेनेच केले पाहिजे.

मुलांची मॅट काढून घ्यावी असे कोणीच म्हणत नाही. तीच मॅट वेळ वाटून वापरता येते. मात्र मुलींच्या वाट्याला उरलासुरला वेळ येऊ नये. शेवटची एसटी चुकेल अशा वेळी ठेवलेला सराव हा नकारच असतो. कपडे बदलण्यास स्वतंत्र खोली हवी आणि तक्रार निर्भयपणे सांगता येईल असे माणूस हवे. जानेवारी २०२३ मध्ये देशातील नामवंत महिला मल्लांना लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीच्या जंतरमंतरवर बसावे लागले. जेथे अंगाला अंग भिडते, तेथे विश्वास हे पहिले क्रीडासाहित्य आहे.

एवढे करूनही पदक मिळेलच असे नाही. घर गहाण टाकताना खर्डेकरांना तरी ते कोठे ठाऊक होते?